मुक्काम पोस्ट जीमेल

आमचे सासरे, म्हणजे नाना, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून बिनविरोध निवडून आले. बिनविरोध अशासाठी, की ते सभेला अर्धा तास उशिरा पोचले. नव्या कमिटीने पहिलाच ठराव केला, यापुढे सगळ्या नोटिसा ईमेलने. नानांना ईमेल शिकवायची जबाबदारी, हा दिवसभर कंप्युटरवर असतो या एका गुन्ह्याखाली, माझ्यावर आली. शिवाय आम्ही त्याच इमारतीत एक मजला वर राहतो, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

नाना आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होते. रात्रभर धावत्या गाडीच्या टपालडब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, अशी ३४ वर्षं. मी लॅपटॉप घेऊन गेलो तेव्हा ते चष्मा पुसून, वहीत तारीख घालून तयार बसले होते. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

"हे मधलं शेपटीवालं काय?"

"ॲट. त्याच्या आधी माणसाचं नाव, आणि नंतर त्याची पेटी जिथे आहे त्या ठिकाणाचं."

नानांनी ते लिहून घेतलं, वाचलं, आणि म्हणाले, "म्हणजे मुक्काम पोस्ट."

तेव्हापासून ते स्वतःचा पत्ता फोनवर "मुक्काम पोस्ट जीमेल डॉट कॉम" असाच सांगतात. पलीकडचे लोक आधी गोंधळतात, पण मेल येते.

मी थोडी ऐट म्हणून सांगितलं, की १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने ही खूण निवडली आणि पहिली मेल एका यंत्रावरून दुसऱ्यावर पाठवली. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारीशेजारी होती.

"मग हाक का नाही मारली?" नाना म्हणाले. आणि लगेच, "आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. आमच्या खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृत कवी होते. ४०३ दिसलं की गोवा, डोळे मिटून खणात!" यानंतरची २० मिनिटं पिनकोडवर गेली. ईमेलचा पहिला तास असा संपला.

पासवर्डचं प्रकरण सांगण्यासारखं नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिलेला आहे.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे सांगायला मी तोंड उघडलं तर नाना म्हणाले, "प्रत माहितीसाठी सविनय सादर. पुढे चला." बीसीसीपाशी मात्र ते थबकले. ज्याला बीसीसीत घातलं त्याला पत्र मिळतं, पण त्याचं नाव बाकी कुणालाच दिसत नाही, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ही तर चुगली झाली."

"नाही हो नाना, सोय आहे."

"चुगली ही सोयच असते," असं म्हणून त्यांनी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी ऑडिटची २० एमबीची फाईल परत आली. २५ एमबीची मर्यादा, मग २० ची फाईल का परत यावी? मला उत्तर येत नव्हतं. रात्री शोधलं. मेलची वाट मुळात साध्या अक्षरांसाठी बांधलेली, त्यामुळे फाईल आधी अक्षरांत बदलावी लागते, तीन बाइटची चार अक्षरं होतात आणि २० चे २७ होतात. सकाळी हा शोध मी मोठ्या तोऱ्यात सांगितला. नाना म्हणाले, "पार्सलला कापड, शिवण, लाख. वजन वाढणारच. तुम्ही नुसती वस्तू तोलली होतीत का?"

पण माझी खरी शोभा चौथ्या दिवशी झाली. शिकवता शिकवता मी माझीच पेटी उघडली, तर बँकेची मेल. केवायसी आजच करा, नाहीतर खातं बंद. मी बटणावर बोट नेलं.

"थांबा जावईबापू. शिक्का कुठला आहे?"

नाव बँकेचं होतं, पण मुक्काम पोस्टच्या पुढे भलतंच काहीतरी लांबलचक लिहिलेलं. नाना म्हणाले, "पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही काहीही लिहील. ते तपासतं कोण?" मेल पोचवण्याचे १९८२ चे मूळ नियम वाचले तर त्यांत खरोखरच कोणी तपासत नव्हतं. सह्याशिक्के नंतर चिकटवले गेले, आणि तेही सगळीकडे नाहीत. मी बोट मागे घेतलं. नाना चहा घ्यायला उठले, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसला नाही.

शेवटी सर्वसाधारण सभेची नोटीस ४२ सदनिकांना गेली. सगळे पत्ते उघडे, टू मध्येच. हा सल्ला माझा. "काही होत नाही हो," असंही मी म्हणालो होतो. पाच मिनिटांत कोणीतरी सगळ्यांना "ओके" कळवलं. तिसऱ्या मजल्याने सगळ्यांना गळती कळवली. एकाने "मला यातून काढा" असं सगळ्यांना लिहिलं, आणि तिघांनी "मलाही" असं पुन्हा सगळ्यांना. मग आमच्या सौ.ने लिहिलं, "बाबा, नोटीस छान झाली." तिला एकटीला म्हणून मी ऑफिसातून उत्तर ठोकलं: "तुझ्या वडिलांनी माझं डोकं खाल्लंय. रिप्लाय ऑल दाबू नका, हे त्यांना तीनदा सांगितलंय."

गेलं. ४२ घरांत गेलं. पाठवलेली मेल मागे घ्यायला काही सेकंद मिळतात. माझे ते दरदरून घाम फुटण्यात गेले. धावत घरी आलो तर नाना शांत होते. "आमच्याकडे अर्ज करून, फी भरून पत्र परत मागवता यायचं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं, सर्व सभासदांना. वर दिनांक, स्थळ. विषय: जावयांच्या पत्राबाबत. संदर्भ: त्यांचे आजचेच पत्र. मजकूर एका ओळीचा: "सदर सूचना तीनदा मिळाल्याची पोच देत आहे." खाली, प्रत माहितीसाठी सविनय सादर: आमची सौ.

बीसीसीत कोण होतं ते मला अर्थातच दिसलं नाही. पण माझी आई गावाहून फोन करून विचारत होती, "डोकं आता बरंय ना रे?"