आधी माणसं तयार करा, घोडा नंतर आणा

गोव्यातले पालक वारंवार विचारतात: इंग्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलांना घोड्यावर बसवून उपचार देतात, मग आपल्याकडे का नाही? त्यावर दुसरे म्हणतात, तालुक्याला फिजिओथेरपिस्टची वेळ मिळत नाही, तिथे घोड्यांची चैन कशाला? मला या दुसऱ्यांची अडचण पटते, पण ही चैन आहे हे पटत नाही.

चालत्या घोड्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते, जवळपास चालणाऱ्या माणसाच्या कमरेसारखी. मिनिटाला शंभरेक पावलं धरली तर वीस मिनिटांत मुलाला दोनेक हजार वेळा धड सावरावं लागतं. व्यायामाच्या टेबलावर हे घडवता येत नाही. काही मुलांचा बसण्याचा तोल सुधारतो, मांड्यांचा ताठरपणा काही वेळ सैल होतो. रोजचे व्यायाम आणि स्प्लिंट (हातपाय सरळ ठेवणारे आधार) मात्र त्यामुळे सुटत नाहीत.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेतच, त्यांच्यावर बसवू, ही सूचना साफ चुकीची आहे. भुसभुशीत वाळूत घोड्याचं पाऊल रुततं आणि ताल तुटतो. पाण्यालगतची वाळू घट्ट असते, पण उतरती. घोडा एका अंगाला कलतो, मुलाची कंबरही तशीच तिरकी बसते, आणि जो बाक काढायचा तोच पक्का होतो. सपाट, आखीव मैदान लागतं, साधारण २० बाय ४० मीटरचं. पावसाळ्यासाठी त्यावर छप्पर हवं. दमट हवेत घोड्याचा घाम वाळत नाही, अंग तापतं, म्हणून कामाची वेळ सकाळचीच. चिखलात उभं ठेवलं तर खूर सडतात.

खरा खर्च माणसांचा. एका मुलामागे घोडा धरणारा एक, दोन्ही बाजूंनी चालणारे दोघे आणि शिवाय थेरपिस्ट. खोगिराऐवजी जाड गादी आणि मुठी असलेला पट्टा. बाजूचा माणूस हात मुलाच्या मांडीवर आडवा ठेवतो. हात दुखला की तो नकळत घोड्याच्या पाठीवर रेलतो, घोडा कान मागे टाकतो, पावलं आखूड होतात. मूल एका बाजूला घसरलं तर ढकलून सरळ करायचं नसतं. घोडा थांबवून कंबर मध्यावर आणायची, मग पुन्हा चालायचं. हे सरावानेच येतं.

इंग्लंडमध्येही सरकारी आरोग्यसेवा सहसा याचे पैसे देत नाही. १९६९ साली स्थापन झालेली, अपंगांना घोडेस्वारी देणारी रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन ही संस्था हजारो स्वयंसेवकांच्या बळावर चालते. स्वित्झर्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी अपंगत्व विमा खर्च उचलतो, कारण तिथे हे काम खास प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच करतात. गोव्याने हा स्वित्झर्लंडचा धडा घ्यावा असं मला वाटतं. पर्वरीच्या संजय स्कूलसारख्या विशेष मुलांच्या शाळेत आधी दोन-चार थेरपिस्ट आणि बाजूने चालणारे तयार व्हावेत. घोडा त्यानंतर, तोही वयाने पोक्त, शांत आणि दोन्ही अंगांनी सारखा चालणारा.

तोवर पालकांनी एवढं तपासून ठेवावं. खुब्याचा सांधा निखळू पाहतोय का, यासाठी एक्स-रे. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांची स्थिरता. फिट्स आटोक्यात नसतील तर घोडा नकोच. आणि मान धरता येत नसेल तर हेल्मेटचं वजनही त्या मुलाला जड जातं. अशा मुलाला वर बसवण्याची घाई कुणी करू नये, मग केंद्र कितीही चांगलं असो.