लेगपीस, बर्ड फ्लू आणि एक फॉरवर्ड

कुठे बर्ड फ्लूची बातमी आली की पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: बर्ड फ्लू असलेल्या देशांतून कोंबडी आणायची नाही, असा शास्त्रशुद्ध नियम भारताने केला होता, त्यामुळे आपण वाचलो होतो, पण अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दादागिरी करून तो मोडायला लावला आणि आता तिथले रोगट लेगपीस आपल्या माथी मारले जाणार.

यामागची काळजी खरी आहे. मजकुराचं तसं म्हणता येत नाही.

'बंदीमुळे आपण वाचलो' हेच आधी घेऊ. देशातली पहिली साथ फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नवापुरात आली. अमेरिकेच्या तक्रारीप्रमाणे तिच्या मालावर किमान 2007 पासून बंदी होती. तरी जानेवारी 2008 मध्ये पश्चिम बंगालमध्ये परसातल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. 2014 मध्ये केरळातली बदकं गेली. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या, आणि जानेवारी 2025 मध्ये उदगिरात कावळे पटापट पडले. त्यांनी काही अमेरिकन तंगडी खाल्ली नव्हती.

हा विषाणू प्रामुख्याने पाणपक्ष्यांबरोबर फिरतो. पुढचं काम आपण करतो. व्यापाऱ्याची गाडी सकाळी एका फार्मवर माल भरते, दुपारी दुसऱ्या. क्रेटला आदल्या फार्मची विष्ठा तशीच चिकटलेली. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे बाजारात जाऊन परत शेडमध्ये येतात, आणि ते धुता येत नाहीत. मजुराच्या घरी चार गावरान कोंबड्या असतात, तीच चप्पल घालून तो शेडमध्ये शिरतो. दाराशी चुना टाकलेला असतो खरा, पण बहुतेक वेळा साहेब येणार म्हणून. गोठवलेल्या मांसात विषाणू टिकतो, त्यामुळे साथीच्या भागातला माल अडवणं योग्यच. पण बंदरावर कुलूप लावलं म्हणून शेडचं दार बंद होत नाही.

आता 'शास्त्रशुद्ध'. 19 जुलै 2011 च्या भारत सरकारच्या अधिसूचनेने, एखाद्या देशात कुठेही बर्ड फ्लू नोंदला गेला की त्या पूर्ण देशाचा माल बंद केला. त्यात कोंबड्या मोठ्या प्रमाणावर मारणारा तीव्र प्रकारही आला आणि सौम्य प्रकारही. अंडी, मांस, पिसं, इतकंच काय, जिवंत डुकरंही यादीत होती. आपला दावा होता की हे जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या मानकांना धरून आहे. ती मानकं मात्र बाधित विभाग वेगळा काढून बाकीच्या भागातला व्यापार चालू ठेवायला वाव देतात. मानकांपेक्षा कडक नियम करायलाही मनाई नाही, फक्त त्यासाठी जोखीम मोजून दाखवावी लागते. ती आपण मोजलीच नव्हती. अभ्यास न करता परीक्षेला बसायचं आणि मग पेपर अवघड होता म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

राहिली 'दादागिरी'. मार्च 2012 मध्ये अमेरिकेने तक्रार केली, ऑक्टोबर 2014 मध्ये निकाल विरोधात गेला, जून 2015 मध्ये अपिलातही आपण हरलो. निकालात 'रोगट कोंबडी घ्या' असं कुठेही नाही. खरी अडचण झाली ती आपल्याच घरच्या नियमाने. मुरुंब्यात काय केलं? 1 किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारल्या आणि 10 किलोमीटरपर्यंत विक्री थांबवली. त्यापलीकडे व्यापार चालू राहिला. देशात हीच पद्धत आहे आणि ती बरोबरही आहे. मग अमेरिकेच्या एका राज्यातल्या साथीसाठी दुसऱ्या टोकाच्या राज्यातला माल का अडवायचा, या प्रश्नाला आपल्याकडे धड उत्तर नव्हतं. तक्रार झाली तेव्हा तर अमेरिकेत 2004 नंतर तीव्र प्रकार आढळलाच नव्हता.

पुढे आढळला, तोही जोरात. 2014-15 च्या साथीत तिथे जवळपास 5 कोटी पक्षी गेले, आणि 2022 पासूनची साथ त्याहून कितीतरी मोठी. चीन आणि दक्षिण कोरियाने 2014-15 च्या साथीत पूर्ण अमेरिकेचा माल थांबवला, इतर काहींनी बाधित राज्यांपुरता. म्हणजे साथ आली की अडवण्याचा हक्क या निकालानंतरही शाबूत आहे.

शेवटी लेगपीस माथी मारण्याची भीती. अमेरिकन गिऱ्हाइकाला छातीचं मांस हवं असतं, त्यामुळे तंगड्या तिथे स्वस्तात उरतात. त्या इथे आल्या तर आपल्या ब्रॉयलरचा दर कोसळेल, हे अगदी खरं. पण ही भीती भावाची आहे, रोगाची नाही, आणि तिला आवर घालतं ते आयात शुल्क. निकालानंतरही कोंबडीच्या तुकड्यांवर 100 टक्के शुल्क कायम राहिलं. सप्टेंबर 2023 मध्ये दोन्ही देशांनी हा वाद मिटवला तेव्हा सवलत मिळाली ती गोठवलेली टर्की, बदक, ब्लूबेरी अशा मालाला. लेगपीस त्यात नव्हते.

तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी डोळा ठेवायचा तो या 100 टक्क्यांवर. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी निघतात तेव्हा मागणी होते ती हे शुल्क कमी करण्याची, आणि तिथे बर्ड फ्लूचं कारण पुढे करून काही उपयोग नाही.