शेअर ‘स्प्लिट’ झाल्याने पैसा वाढत नाही

एखाद्या कंपनीने शेअर स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे अनेक लहान शेअर करणे, जाहीर केले, की गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एकाच साच्याचा संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: स्प्लिट म्हणजे एक प्रकारचा बोनसच, म्हणजे कंपनीने दिलेले जादा शेअरच; एका शेअरचे पाच झाले म्हणजे चार फुकट मिळाले; लाभांशही पाचपट होणार; भाव आज खाली आला तरी पुन्हा जुन्या पातळीवर जातोच; म्हणून रेकॉर्ड तारखेच्या, म्हणजे स्प्लिटसाठी भागधारकांची यादी ठरते त्या दिवसाच्या, आधी घेऊन ठेवा. या संदेशातले एकही विधान टिकत नाही, आणि नवख्या माणसाची बचत त्यामुळे भलत्या ठिकाणी जाते, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे आवश्यक वाटते.

फुकट शेअरांची गोष्ट आधी पाहू. स्प्लिटमध्ये शेअरचे दर्शनी मूल्य, म्हणजे बाजारभावाहून वेगळी अशी त्याची नोंदलेली किंमत, विभागले जाते. दहा रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर दोन रुपयांच्या पाच शेअरांत विभागला, तर कंपनीचे भागभांडवल (शेअरांची संख्या गुणिले दर्शनी मूल्य), तिची मालमत्ता, तिचे कर्ज आणि तिच्यातला आपला हिस्सा यांपैकी काहीही बदलत नाही. शंभराची नोट सुटी करून घेतली म्हणून कोणी श्रीमंत होत नाही, तसेच हे आहे. टाटा स्टीलने जुलै २०२२ मध्ये दहा रुपयांचा शेअर एक रुपयाच्या दहा शेअरांत विभागला, तेव्हा साडेनऊशेच्या आसपास असलेला भाव दुसऱ्या दिवशी शंभराच्या आसपास आला आणि भागधारकाकडे एकाऐवजी दहा शेअर आले. याच्या उलटही घडते. सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने २०११ मध्ये दहा शेअरांचा एक शेअर केला. शेअरांची संख्या वाढल्याने माणूस श्रीमंत होत असता, तर त्या बँकेचे भागधारक एका रात्रीत कंगाल व्हायला हवे होते. तसे काही झाले नाही.

‘स्प्लिट म्हणजे बोनसच’ हे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते अर्धे खरे वाटते. दोन्हींत शेअर वाढतात आणि भाव त्या प्रमाणात खाली येतो, पण आतला व्यवहार वेगळा असतो. बोनस देताना कंपनी आपल्या राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात वळवते आणि दर्शनी मूल्य तसेच राहते. दहा रुपयांचे दहा कोटी शेअर असलेल्या कंपनीने एकास एक बोनस दिला, तर तिचे भागभांडवल १०० कोटींचे २०० कोटी होते. तिनेच एकाचे दोन असा स्प्लिट केला, तर पाच रुपयांचे वीस कोटी शेअर होतात आणि भागभांडवल १०० कोटींवरच राहते. प्रमाण वाचण्याची रीतही निराळी आहे. एकास चार बोनस म्हणजे मूळ एकावर आणखी चार, तर एकाचे पाच असा स्प्लिट म्हणजे एकूणच पाच. बजाज फायनान्सने जून २०२५ मध्ये दोन्ही एकत्र केले: एका शेअरवर चार बोनस आणि दोन रुपयांच्या दर्शनी मूल्याचे एक रुपया. त्यामुळे एका शेअरचे दहा झाले. त्या दिवशी ज्यांनी केवळ मोबाइलवरचा भाव पाहिला, त्यांना तो नव्वद टक्के कोसळल्यासारखा दिसला.

हा फरक प्राप्तिकराच्या वेळी थेट खिशाला लागतो. समजा, तीन वर्षांपूर्वी १,००० रुपये भावाने १०० शेअर घेतले आणि गेल्या महिन्यात एकाचे पाच झाले. आता प्रत्येक शेअरची खरेदी किंमत २०० रुपये धरायची, आणि शेअर बाळगल्याची मुदत मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजायची. त्यांपैकी २०० शेअर ३०० रुपयांनी विकले, तर २०,००० रुपयांचा दीर्घ मुदतीचा नफा होतो, आणि असा दुसरा नफा नसेल तर तो वार्षिक १.२५ लाखांच्या सवलतीत बसून करमुक्त ठरतो. बोनस शेअरची खरेदी किंमत मात्र शून्य धरतात आणि मुदत वाटपाच्या दिवसापासून मोजतात. तोच नियम चुकून स्प्लिटला लावला, तर ६०,००० रुपयांचा अल्प मुदतीचा नफा दिसतो आणि २० टक्के दराने १२,००० रुपये कर विनाकारण भरला जातो.

लाभांशाचा गैरसमज टक्केवारीमुळे होतो. अनेक कंपन्या लाभांश दर्शनी मूल्याच्या टक्क्यांत सांगतात. दहा रुपयांवर २०० टक्के म्हणजे वीस रुपये. स्प्लिटनंतर दोन रुपयांवर २०० टक्के म्हणजे चार रुपये, आणि असे शेअर पाच. बेरीज वीसच.

भाव जुन्या पातळीवर परत येतोच, याला नियम म्हणून काहीच आधार नाही. आयआरसीटीसीच्या एका शेअरचे पाच ऑक्टोबर २०२१ मध्ये झाले, आणि दुसऱ्याच दिवशी भाव एका टप्प्यावर पाव भागाहून अधिक घसरला. कारण तिकिटांवरच्या सुविधा शुल्कातला निम्मा वाटा रेल्वे मंत्रालय घेणार, असे जाहीर झाले होते. तो निर्णय त्याच दिवशी मागे घेतल्यावर भाव बराच सावरला. भाव हलला तो कंपनीच्या कमाईच्या प्रश्नावर. याउलट एमआरएफ या टायर कंपनीच्या शेअरचे दर्शनी मूल्य अजूनही दहा रुपयेच आहे, म्हणजे त्याचे तुकडे झालेले नाहीत, तरी त्या शेअरने जून २०२३ मध्ये एक लाखाचा टप्पा ओलांडला.

स्प्लिटचा उपयोगच नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. आपल्या बाजारात शेअरचा अंश विकत घेता येत नाही, त्यामुळे हजारोंचा शेअर शेकड्यांत आला, तर दरमहा थोडी बचत करणाऱ्यालाही तो घेता येतो आणि उलाढाल सुकर होते. कंपन्या स्प्लिट करतात त्या प्रामुख्याने याच हेतूने.

राहिला रेकॉर्ड तारखेच्या आधी घेण्याचा सल्ला. आधी घेणारा पूर्ण भाव देऊन पाच शेअर मिळवतो, नंतर घेणारा एकपंचमांश भावात एक मिळवतो. दोघांचा हिशेब सारखाच. उलट घाईने घेणाऱ्याची एक अडचण होते. दर्शनी मूल्य बदलले, की शेअरचा आयएसआयएन, म्हणजे ओळख क्रमांकही बदलतो. जुने शेअर खात्यातून जाऊन नवे जमा होईपर्यंत एखाददोन दिवस जाऊ शकतात, आणि स्प्लिटच्या दिवशीच विकून मोकळे होऊ म्हणणाऱ्याला त्या काळात विकायला हाताशी शेअरच नसतात.