निफाडच्या ताईंच्या तक्रारीला उत्तर : रेग्युलेटरवर बर्फ का साचतो

नमस्कार ताई. तुम्ही आम्हाला दोन तारे दिलेत आणि लिहिलंत, की डिसेंबरात आमच्याकडून नेलेला भट्टीचा गॅस रेग्युलेटर पहाटे रस्सा चढवला की अर्ध्या तासात पांढरा होतो, त्यावर बर्फाचा थर चढतो, तिन्ही शेगड्यांची ज्योत बसते आणि गिऱ्हाईक बाकावर येऊन बसलं तरी मिसळीचा कट तयार नसतो. दुकानात फोन केला तर "वरून गरम पाणी ओता" एवढंच उत्तर मिळालं. तुमच्या मते माल खराब आहे.

आधी त्या गरम पाण्याबद्दल माफी मागतो. काउंटरवरच्या मुलाने तसं सांगायला नको होतं, आणि त्याला हे शिकवलं नाही ही चूक माझी. रेग्युलेटरच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं. आतल्या रबरी पडद्याला वरखाली व्हायला त्यातून हवा आत-बाहेर जावी लागते. ओतलेलं पाणी त्या छिद्रात शिरून गोठलं की पडदा अडकतो आणि गॅसच्या दाबावर कुणाचा ताबा राहत नाही. हे उत्तर वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : रेग्युलेटरवर गरम पाणी नको, आणि सिलिंडरजवळ मेणबत्ती, कोळशाची शेगडी, हीटर यातलं काहीही नको.

आता मालाबद्दल. मी फोन केल्यावर तुम्ही लगेच फोटो पाठवलेत, त्याबद्दल आभार. त्यात रेग्युलेटर पांढरा आहेच, पण सिलिंडरचा खालचा तिसरा हिस्साही पांढरा आहे आणि त्याच्यावर सरळ रेघ ओढल्यासारखी कड दिसते. त्या कडेपर्यंत आत द्रव गॅस आहे. म्हणजे नुसता रेग्युलेटर नाही, सिलिंडरच आतून गारठलाय.

असं का होतं ते सांगतो. आपल्याकडचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. सिलिंडरमध्ये तो द्रव असतो आणि शेगडी पेटवली की त्याची वाफ होऊन वर येते. पातेल्यातल्या पाण्याची वाफ करायला आपण खाली जाळ लावतो, सिलिंडरखाली जाळ नसतो. त्याला लागणारी उष्णता तो आपल्या पत्र्यातून, भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. एक किलो गॅसची वाफ व्हायला साधारण ३५० ते ४०० किलोज्यूल लागतात. तुमच्या तीन मोठ्या शेगड्या मिळून ताशी दोनेक किलो गॅस खात असतील, तर सतत २०० वॅटच्या आसपास उष्णता आत जायला हवी. दुपारच्या उन्हात ते जमून जातं. पण निफाडची जानेवारीतली पहाट कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीत रोज पेपरात असतो. हवाच पाच-सहा अंशांवर असली की तिच्याकडून घ्यायची उष्णता फार थोडी उरते. मग द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो आणि थंड होत जातो.

त्यातही प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि ब्युटेन जवळजवळ शून्याला. थंडीत प्रोपेन आधी निघून जातो, मागे ब्युटेन राहतो आणि शून्याजवळ त्याची वाफ जेमतेम होते. म्हणून सिलिंडर अर्ध्याखाली गेला की तुमचा त्रास वाढतो. शिवाय द्रवाची पातळी उतरली की पत्र्याला टेकलेला भागही कमी होतो, म्हणजे उष्णता आत यायची वाटच अरुंद होते.

हा थंड गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. तिथे बारीक भोकातून जाताना त्याचा दाब एकदम पडतो आणि पसरताना तो आणखी गार होतो. पितळ-जस्ताचा तो लहानसा तुकडा गोठणबिंदूच्या खाली गेला की हवेतला ओलावा त्यावर बसून त्याचा बर्फ होतो. बाहेरचा हा बर्फ गॅस अडवत नाही. ज्योत बसते ती सिलिंडरात दाब उरला नाही म्हणून. रेग्युलेटर बदलून दिला असता तर दुसऱ्या पहाटे तोही पांढरा झाला असता.

तरीही चूक आमचीही आहे. विकताना तीन शेगड्या किती मोठ्या, सिलिंडर किती, ठेवता कुठे, हे आम्ही विचारायला हवं होतं. एका शेगडीच्या मापाचा रेग्युलेटर तीन शेगड्यांसाठी दिला गेला. त्याचे पूर्ण पैसे परत करतो.

फोटोत आणखी तीन गोष्टी दिसल्या, त्या स्पष्ट सांगतो. सिलिंडरला थंडी लागू नये म्हणून तुम्ही गोणपाट गुंडाळलंय. मायेने केलंत, पण माणसाच्या अंगात ऊब तयार होते तशी सिलिंडरात होत नाही. त्याला ऊब बाहेरूनच मिळते आणि गोणपाट तीच अडवतं, ओलं असेल तर जास्तच. ते काढून टाका. दुसरं, बंद पत्र्याची पेटी. आतली हवा थोड्या वेळात गार होते आणि नवी येत नाही. पेटीला वर आणि खाली, दोन्हीकडे जाळी हवी. खालची तर हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो.

तिसरी गोष्ट मला खरंच काळजीची वाटते. सिलिंडर एका बाजूला कललेला आहे. बरेच आचारी शेवटचा गॅस काढायला सिलिंडर आडवा किंवा उलटा करतात. तसं केलं की वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये घुसतो, आणि एक लीटर द्रवाची सुमारे २५० लीटर वाफ होते. ती शेगडीवर आली तर जाळ माणसाच्या तोंडापर्यंत येतो. सिलिंडर नेहमी उभा, सपाट फरशीवर. रेग्युलेटर बर्फाने भरलाय पण सिलिंडर हाताला नेहमीसारखा लागतोय, असं दिसलं तर द्रव वर येतोय ही शंका घ्या, व्हॉल्व्ह बंद करा आणि एजन्सीला बोलवा. शेगडी बंद असताना एखाद्या जोडावर बर्फ दिसला तर ती गळती समजा. साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी, विजेच्या बटणाला हात नाही, आणि मोकळ्या जागी जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला फोन.

तुमच्या हॉटेलावरचा उपाय सोपा आहे. तुमच्याकडे १९ किलोचे दोन सिलिंडर आहेत, पण एक संपेपर्यंत दुसरा बंद राहतो. थंडीत दोन्ही एका मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीला, जोडून एकाच वेळी उघडायचे. प्रत्येकावर निम्मा भार आला की दोघेही गारठत नाहीत. मॅनिफोल्डच्या पुढे तीन शेगड्यांच्या मापाचा, दोन टप्प्यांत दाब उतरवणारा रेग्युलेटर, म्हणजे सगळी थंडी एकाच भोकाशी येत नाही. रेग्युलेटरचं छिद्र खाली तोंड करून. पुढे शेगड्या पाच-सहा झाल्या तर चार सिलिंडर लागतील, ते आताच लक्षात ठेवा.

मॅनिफोल्ड आणि नवा रेग्युलेटर आम्ही खरेदीच्या भावात देतो, बसवायचे पैसे घेणार नाही. शुक्रवारी दुपारी चारला, तुमची गर्दी ओसरल्यावर, मी आणि आमचे कारागीर येतो. तोपर्यंत पहाटे एकच मोठी शेगडी चालवा आणि दोन्ही सिलिंडर भरून आणून ठेवा. शनिवारी पहाटे साडेचारला मी स्वतः तुमच्या भट्टीपाशी थांबेन.