दहावीची बोर्ड परीक्षा रद्द झालेली नाही

‘नव्या शैक्षणिक धोरणानुसार दहावीचे बोर्ड संपले, आता फक्त बारावीची परीक्षा आणि सहावीपासून प्रत्येकाला एक धंदा निवडणे सक्तीचे’ असा संदेश पालकांच्या गटांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या धोरणाच्या मूळ मजकुरात, परिच्छेद ४.३७ मध्ये, दहावी व बारावीच्या बोर्ड परीक्षा सुरूच राहतील असे स्पष्ट लिहिले आहे. बदलायचे आहे ते त्यांचे स्वरूप, जेणेकरून घोकंपट्टी आणि शिकवणीवरचे अवलंबित्व कमी व्हावे. शालेय शिक्षणाचे ५, ३, ३ आणि ४ वर्षांचे चार टप्पे करणारी ५+३+३+४ ही रचना खरी आहे, एम.फिल. ही संशोधन पदवी बंद करण्याचा निर्णयही खरा आहे, आणि अशा खऱ्या गोष्टींच्या जोडीला आल्यामुळेच ही अफवा पटते.

व्यवसाय शिक्षणाबाबत धोरण सांगते, की सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे. ही ओळख आहे, आयुष्याचा व्यवसाय ठरवणे नव्हे. शिवाय १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्याही अधिकारात, असल्याने दहावीच्या परीक्षेबाबत आपल्याकडे राज्य मंडळाची अधिकृत घोषणाच ग्राह्य धरावी. मुले अभ्यास सोडून बसतील, ही भीती खरी आहे. म्हणून हा संदेश कृपया पुढे पाठवू नका.