विम्यासाठी सांगू, का सोयरिकीसाठी?

गणिताला घाबरून मी कॉमर्सला पळालो, तर ते आधीच वर्गात येऊन बसलेलं. नाव बदलून. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला त्याला संख्याशास्त्र म्हणतात.

पुस्तकातली उदाहरणं सगळी एका कारखान्यातल्या शंभर कामगारांच्या मजुरीची. त्यांचा मध्य, मध्यक, बहुलक कसा गोळीबंद निघतो! आमच्या गावात कारखाना म्हणजे पिठाची गिरणी. कामगार एक, तोच मालक. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब फाकतात ते, तेवढं एका फटक्यात कळलं, कारण सरांनी पावसाचं उदाहरण दिलं. हवामान खातं सांगते ‘सरासरीइतका पाऊस’, अन् तो तीन दिवसांत पडून मोकळा होतो. सरासरी बरोबर, पेरणी दुबार.

मग प्रकल्प आला. गावातल्या 30 शेतकऱ्यांना सोयाबीनची एकरी झडती, म्हणजे एकरी उतारा, विचारायची. “नमुना यादृच्छिक पाहिजे, ओळखीच्यांनाच विचारून येऊ नका,” सर म्हणाले. सर शहरातले. आमच्याकडे अनोळखी माणूस आला तर कुत्री एसटीपर्यंत सोडायला जातात.

पहिलेच काका ओट्यावर सापडले. वही पाहून सावध झाले.

“विम्यासाठी सांगू, का सोयरिकीसाठी?”

“काकाजी, कॉलेजसाठी.”

“तसा भाव नाई आपल्याकडे.”

विम्याचा आकडा तीन क्विंटल, सोयरिकीचा नऊ. मी मध्य काढला, सहा. खरी झडती तेवढीच असावी. मध्य या कल्पनेवर माझा विश्वास बसला तो त्या ओट्यावर.

खरं म्हणजे विमा कोणाच्या तोंडी आकड्यावर मिळत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, पीक कापणी प्रयोग होतात, त्यातून मंडळाची सरासरी निघते. ती उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली तर भरपाई. तो उंबरठा काढायला मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 धरतात. मी हे सगळं काकांना समजावलं, नव्यानं शिकलेल्या माणसाला दम निघत नाही. काकांनी ऐकून घेतलं अन् म्हणाले, “वावर माह्यं पिवळं पडलं अन् सरासरी हिरवी! तुह्या सरले इचारजो, हे कोणतं शास्त्र होय.” पिवळ्या मोझॅक रोगानं त्यांचं वावर गेलं होतं, मंडळाचं नाही. मी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या घरी वेगळाच पेच. “त्यानं किती सांगतले?”

“ते गुप्त असते, मामाजी.”

“बरं. मंग त्याच्याहून एक जास्त लिह्य.”

निरीक्षणं परस्परांपासून स्वतंत्र असावीत, असं पुस्तकात ठळक छापलंय. आमच्या गावात निरीक्षणं धुऱ्याला धुरा लागून असतात. एका काकूंनी मात्र पत्र्याच्या डब्यातून अडत्याची पट्टी काढली. वजन, भाव, हमाली, तोलाई, कापून हातात आलेले पैसे. पट्टीच्या कोपऱ्याला हळद लागलेली, पण आकडा स्वच्छ. आख्ख्या वहीत खरा आकडा तो एकच. सरांनी त्याच्याभोवती लाल गोल केला. हे टोकाचं निरीक्षण आहे, म्हणाले, वगळून पाहा.

दुसऱ्या सत्रात व्याज आलं तेव्हा जीवात जीव आला. हा विषय आमच्या घरात पिढीजात आहे, देणाऱ्या बाजूनं. आबाजी पावकी-निमकी पाठ केलेले, मी कॅल्क्युलेटरचं झाकण काढेपर्यंत त्यांचं उत्तर तयार. मामानं गाडी घेतली होती, साठ हजार कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. “अठरा हजार व्याज,” आबाजी सुपारी कातरता कातरता म्हणाले. मी सांगितलं की मुद्दल दर महिन्याला कमी होते, पण व्याज पहिल्या दिवसाच्या साठ हजारांवरच लावलंय, म्हणून खरा दर 18 टक्क्यांच्या जवळ जातो. मामा म्हणाला, “पेढे खाल्ले तवा काऊन नाई बोलला बे?”

आबाजींना मात्र गोडी लागली. “सावकाराचा काढ. तीन टक्के महिना. सालाचे झाले छत्तीस.”

“व्याजावर व्याज चढलं त 42.58, आबाजी.”

अडकित्ता थांबला. दाराकडे एकदा पाहून आबाजी आवाज खाली आणून म्हणाले, “तो छत्तीसच घेते. त्याले हे शिक्षण नाई. तू त्याच्या घराकडून जाऊ नोको.”