‘मुलाला अमेरिकन फुटबॉल खेळवा’ या फॉरवर्डमधल्या थापा

टेक्सासातल्या माझ्या मावसबहिणीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: “दादा, शाळेच्या फॉर्मवर सही करू ना?” मुलगा सातवीत आहे. तिकडे शाळेच्या टीममधला टॅकल फुटबॉल, म्हणजे समोरच्याला धडकून पाडायचा, सातवीपासूनच सुरू होतो, त्यामुळे प्रश्न खराच आहे आणि उत्तर म्हणून तिच्या हातात काय, तर कोणीतरी ठोकून दिलेला मजकूर. थोडक्यात तो असा: नव्या हेल्मेटमुळे डोक्याला इजा होणं आता अशक्य. एकदा एनएफएलचा (तिकडची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग) करार झाला की सगळे पैसे पक्के, स्टार खेळाडू पॅट्रिक माहोम्सला बघा, १० वर्षांचे ४५ कोटी डॉलर. टॉम ब्रेडी कॉलेजात बाकावर बसायचा, कुणालाच नको होता, तरी सात सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकला. आणि तीन वर्षं खेळलं की जन्मभर पेन्शन व दवाखाना फुकट. त्यावर ग्रुपमधल्या दुसऱ्या विद्वानाचं उत्तर: “छे, ७८ टक्के खेळाडू दोन वर्षांत दिवाळखोर होतात.”

दोघांनाही एकदाच उत्तर देतो. हेल्मेटवर जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैसे बुडतील.

हेल्मेट कवटी फुटू नये म्हणून असतं. बाहेर पॉलिकार्बोनेटचं कठीण कवच, आत फोम आणि हवा भरायच्या पिशव्या. हे काम ते चोख करतं. नॉक्सी या संस्थेने १९७३ मध्ये हेल्मेटसाठी मानक आणलं, १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांत डोकं पुढे करून धडक मारण्यावर बंदी आली, आणि मैदानावर डोक्याच्या माराने होणारे मृत्यू खूप कमी झाले. एवढं श्रेय द्यायलाच हवं. पण कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, ही कवटीची इजा नव्हे. पळणारं डोकं अचानक थांबतं किंवा हनुवटीच्या बाजूने फटका बसून गर्रकन वळतं, तेव्हा आतला मेंदू मागे राहतो, पिळवटतो आणि त्यातले चेतातंतू ताणले जातात. डब्याला बाहेरून कितीही गादी गुंडाळा, आतलं दही हिंदकळायचं थांबत नाही. छातीवर जोरात धडक बसली, डोक्याला कुणी हातही लावला नाही, तरी मानेला बसलेल्या हिसक्याने कन्कशन होऊ शकतं. तिथे हेल्मेट काय करणार?

खुद्द कंपन्याही असा दावा करत नाहीत. हेल्मेटवरची इशाऱ्याची चिठ्ठी कधी वाचा: डोक्याची वा मानेची प्रत्येक इजा कोणतंच हेल्मेट टाळू शकत नाही, असंच तिथे लिहिलेलं असतं. एनएफएलने २०२२ च्या सराव शिबिरात लाइनमन (समोरासमोर भिडणाऱ्या रांगेतले खेळाडू), टाइट एंड आणि लाइनबॅकर अशा सतत धडकणाऱ्यांना हेल्मेटच्या वर गार्डियन कॅप नावाची मऊ टोपी सक्तीने घालायला लावली, २०२३ मध्ये चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅकही त्यात आले, आणि २०२४ पासून सामन्यातही ती घालायची मुभा दिली. हेल्मेट पुरेसं असतं तर त्यावर आणखी टोपी कशाला चढवली असती? हो, नवी मॉडेल्स जुन्यांपेक्षा चांगली आहेत. प्रयोगशाळेत दरवर्षी त्यांची क्रमवारी लागते आणि खालच्या मॉडेल्सवर लीग बंदी घालते. पण धक्का कमी पोचणं वेगळं आणि इजा ‘अशक्य’ होणं वेगळं.

आता मुख्य पुरावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये जुलै २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन मॅकी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मृत्यूनंतर दान केलेले २०२ फुटबॉल खेळाडूंचे मेंदू त्यांनी तपासले. १७७ मेंदूंत सीटीई सापडला. हा मेंदू हळूहळू झिजवणारा आजार आहे: विसराळूपणा, भडकणारा स्वभाव, नैराश्य, शेवटी स्मृतिभ्रंश. एनएफएल खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांत तो होता. जे फक्त हायस्कूलपर्यंत खेळले, अशा १४ पैकी तिघांत होता.

याचा अर्थ ९९ टक्के खेळाडूंना सीटीई होतो, असा नाही. ज्या घरांना आधीच काही खटकत होतं, त्यांनीच बहुतेक करून मेंदू दिले. लेखकांनी स्वतःच हे नमूद केलंय. पण एवढी सूट देऊनही ‘अशक्य’ हा शब्द त्या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि धोका फक्त मोठ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या धडकेचा नसतो. लाइनमन जवळजवळ प्रत्येक चालीला समोरच्यावर आदळतो. त्यातला एकही फटका कन्कशन म्हणून नोंदला जात नाही, पण वर्षानुवर्षांची ती बेरीजच घातक ठरते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर सेंटर होता, म्हणजे लाइनच्या मधोमध. चार सुपर बोल जिंकला, २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. एनएफएल खेळाडूच्या मेंदूत सीटीई पहिल्यांदा सापडला तो त्याच्याच, डॉ. बेनेट ओमालू यांना.

मुलाला खेळू द्यायचंच असेल तर निदान या गोष्टी पाहाव्यात. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. गालाचे पॅड घट्ट हवेत. तोंडापुढची जाळी धरून डावी-उजवीकडे हलवलं तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरलं तर ते सैल आहे. हनुवटीच्या पट्ट्याची चारही बटणं लावलेली हवीत, मुलं दोनच लावून पळतात. हवेच्या पिशव्या असतील तर थंडी पडली की दाब उतरतो, केस कापले की माप बदलतं, म्हणून एकदा बसवून भागत नाही. शाळेचं हेल्मेट कितव्या वर्षातलं आहे ते आतल्या लेबलवर पाहा. दहा वर्षांहून जुनं हेल्मेट दुरुस्तीवाले परत प्रमाणित करत नाहीत.

टेक्सासात २०११ च्या कायद्याप्रमाणे कन्कशनची शंका आली की मुलाला त्याच दिवशी बाहेर काढावं लागतं, आणि परत खेळायची परवानगी प्रशिक्षक देऊ शकत नाही, डॉक्टरचं लेखी पत्र लागतं. तिथल्या शालेय खेळांच्या संघटनेने २०१३ मध्ये पूर्ण धडकेच्या सरावावर खेळाडूमागे आठवड्याला ९० मिनिटांची मर्यादा घातली. ती मिनिटं कोण मोजतं आणि कुठे लिहितं, हे शाळेला विचारावं. उत्तर देताना चाचपडले तर फ्लॅग फुटबॉल आहेच: कमरेची पट्टी ओढायची, कुणाला पाडायचं नाही. त्यात वर्ष-दोन वर्षं काढली म्हणून कुणाची कारकीर्द बुडत नाही.

आता करार. एनएफएलच्या कराराचा जो आकडा बातमीत येतो, तो टीमने तुम्हाला शेवटपर्यंत ठेवलं तरचा असतो. पक्की असते ती सायनिंग बोनसची रक्कम आणि जेवढा पगार ‘गॅरंटीड’ म्हणून लिहिलाय तेवढाच. माहोम्सच्या २०२० च्या करारात ४५ कोटींपैकी सही करताना पूर्ण पक्के होते सुमारे ६.३ कोटी; पुढचे टप्प्याटप्प्याने, एकेक वर्ष आधी पक्के होत जातात. हे त्याच्यासारख्याला परवडतं, कारण त्याला काढायची कुणाची छाती नाही. अपवाद आहेत. कर्क कझिन्सला २०१८ मध्ये तीन वर्षांचे ८.४ कोटी पूर्ण पक्के मिळाले. पण ते क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारे.

आणि क्वार्टरबॅकचंही काय होतं ते बघा. मार्च २००१ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ड्रू ब्लेडसोशी १० वर्षांचा, १०.३ कोटी डॉलरचा करार केला. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये तो चेंडू घेऊन उजव्या रेषेकडे धावला आणि बाहेर निघायच्या बेतात असताना लाइनबॅकर मो लुइसने त्याला उडवलं. छातीतली रक्तवाहिनी फाटली, आत रक्त साचत होतं, आणि टीमच्या हाती पुन्हा चेंडू आला तेव्हा गडी परत मैदानात उतरला! नंतर थेट हॉस्पिटल. त्याची जागा घेतली ती दुसऱ्या वर्षाच्या टॉम ब्रेडीने. फेब्रुवारी २००२ मध्ये ब्रेडी पहिला सुपर बोल जिंकला, एप्रिलमध्ये ब्लेडसोला बफेलोच्या टीमकडे धाडलं, आणि २००५ मध्ये बफेलोनेही सोडलं. १० वर्षांचा करार म्हणे.

माहोम्स-ब्रेडी सोडा, साधा नवखा खेळाडू घ्या. २०२५ चा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर, पण तो १८ आठवड्यांत विभागलेला. उन्हाळ्यात टीममध्ये ९० जण असतात, ऑगस्टअखेर ५३ उरतात. त्या दिवशी नाव कापलं तर त्या पगारातला एक डॉलरही नाही. नशीब असेल तर प्रॅक्टिस स्क्वॉड (फक्त सरावासाठी ठेवलेले खेळाडू), २०२५ मध्ये आठवड्याला १३ हजार, तेही कधीही बंद. मिळालेल्या पगारातून कर जातो, शिवाय एजंटचे जास्तीत जास्त ३ टक्के.

ब्रेडीबद्दल: सुरुवातीची वर्षं मिशिगन विद्यापीठात तो बाकावर होता, हे खरं. पण १९९८ आणि १९९९ मध्ये तोच मुख्य क्वार्टरबॅक होता आणि अलाबामाविरुद्धचा ऑरेंज बोल हा कॉलेजांचा मोठा सामना त्याने ३५-३४ ने जिंकून दिला. २००० च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) १९९ वा निवडला गेला, म्हणजे ‘कुणालाच नको’ नव्हे. कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी ड्राफ्टला पात्र झालेल्यांतले जेमतेम १.६ टक्के एनएफएलपर्यंत पोचतात.

पेन्शन अर्धं खरं. तीन हंगाम, प्रत्येकात किमान तीन सामने टीमच्या यादीत, की हक्क लागतो. पण पूर्ण पेन्शन ५५ व्या वर्षी आणि आरोग्यविमा निवृत्तीनंतर पाच वर्षं. जन्मभर नाही. गुडघे मात्र जन्मभर दुखतात. त्यात खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्दच ३.३ वर्षं. लीग सहा म्हणते, पण ती पहिल्याच वर्षी टीममध्ये टिकलेल्यांचीच मोजते.

राहिले ७८ टक्केवाले. हा आकडा २००९ च्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमधला, आणि तिथे ‘दिवाळखोर किंवा आर्थिक ताणात’ असं होतं. फॉरवर्ड करणाऱ्याने ‘किंवा’ आणि त्यापुढचं सगळं गिळलं. २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञांनी १९९६ ते २००३ च्या ड्राफ्टमधल्या खेळाडूंचे कोर्टातले दिवाळखोरीचे अर्जच तपासले: निवृत्तीनंतर १२ वर्षांत सुमारे १६ टक्के. अर्ज निवृत्तीनंतर लवकरच सुरू होतात आणि बाराव्या वर्षापर्यंत येतच राहतात, तेव्हा ‘दोन वर्षांत’ हेही चूकच. शिवाय जास्त कमावणारे आणि जास्त वर्षं खेळलेले त्यातून फारसे वाचत नाहीत.